इंग्रजीतलं 'गेट': विशेषणाबरोबर आणि नामाबरोबर कसं वापरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत मी इंग्रजी शिकवतो. मुलं, त्यांचे आईवडील आणि कधीकधी खालच्या वर्गांचे शिक्षकसुद्धा मोबाइलवर शंका पाठवतात. त्यांत 'गेट'ची शंका सारखी येते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे हा शब्द पोरांच्या कानावर लवकर पडतो. पण तो 'गेट म्हणजे मिळणे' एवढाच शिकवला जातो, आणि पुढं 'इट इज गेटिंग डार्क' आलं की पोरगं विचारतं, अंधार कोणाला मिळाला?

इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. घरातल्या कोणालाही ती मोठ्यानं वाचून दाखवता यावीत, मुलांकडून म्हणून घेता यावीत. प्रश्न ज्या भाषेत आले, शक्यतो त्याच भाषेत ठेवले आहेत.

१. 'गेट'चा नक्की अर्थ काय? डिक्शनरीत एवढे अर्थ दिलेत की कोणता घ्यावा तेच कळत नाही.

अर्थांची यादी पाठ करू नका. 'गेट'च्या पुढं कोणता शब्द आलाय तो बघा.

पुढं नाम असेल, म्हणजे वस्तू, पैसा, पत्र, नोकरी, आजार असं काही, तर ती गोष्ट कर्त्याकडे आली. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र आलं. 'शी गॉट अ जॉब', तिला नोकरी लागली. पुढं विशेषण असेल तर बाहेरून काहीच आलं नाही, कर्त्याचीच अवस्था बदलली. 'आय गॉट टायर्ड', मी थकलो. 'द रोड गॉट वेट', रस्ता ओला झाला.

दोन्ही एकाच वाक्यात बघा: 'वी गॉट रेन, अँड द कॉटन गॉट वेट.' पाऊस आला आणि कापूस भिजला. पहिल्या 'गॉट'च्या पुढं पाऊस हे नाम आहे, दुसऱ्याच्या पुढं ओला हे विशेषण. मराठीत एकीकडे 'आला', दुसरीकडे 'भिजला'. इंग्रजीला दोन्हीकडे 'गॉट' पुरतं. हे एक वाक्य पक्कं झालं तर खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

२. पण पुढचा शब्द नाम आहे की विशेषण, हे पोरानं ओळखायचं कसं?

त्याच्या आधी 'व्हेरी' लावून बघा. 'व्हेरी टायर्ड', 'व्हेरी वेट', 'व्हेरी हंग्री' चालतं, म्हणून ही विशेषणं. 'व्हेरी लेटर', 'व्हेरी जॉब' म्हणताच येत नाही, म्हणून ही नामं. दुसरी खूण 'अ' किंवा 'द'ची. 'गेट'नंतर 'अ' आला की पुढं बहुतेक वेळा नाम येतं.

काही शब्द दोन्हीकडे चालतात आणि तिथं हा इवलासा 'अ' सगळा अर्थ फिरवतो. 'द टी गॉट कोल्ड', चहा थंड झाला. 'द चाइल्ड गॉट अ कोल्ड', लेकराला सर्दी झाली. मुलं 'अ' लिहायला विसरतात कारण मराठीत तसला शब्दच नाही, आणि मग 'माय सिस्टर गॉट कोल्ड' लिहून बसतात, म्हणजे बहीण गारठली. शिक्षकांना विनंती आहे की ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहावी. वेगवेगळ्या दिवशी शिकवली तर फरक लक्षात राहत नाही.

३. 'आय ॲम टायर्ड' आणि 'आय गेट टायर्ड' यात फरक काय? दोन्हीचा अर्थ थकलो असाच ना?

'ॲम टायर्ड' म्हणजे आत्ता थकलेला आहे. 'गेट' आलं की बदल आला: आधी थकलेला नव्हतो, मग थकलो.

'आय गेट टायर्ड' साध्या वर्तमानकाळात आहे, म्हणून ती सवयीची गोष्ट: 'आय गेट टायर्ड व्हेन आय पिक कॉटन', कापूस वेचताना मी थकतो, दर वेळी. 'आय गॉट टायर्ड' ही एकदा घडलेली गोष्ट. 'आय ॲम गेटिंग टायर्ड' म्हणजे थकायला लागलोय. लग्नाच्या बाबतीत हा फरक फार स्वच्छ दिसतो. 'शी इज मॅरिड', तिचं लग्न झालेलं आहे. 'शी गॉट मॅरिड इन मे', मे महिन्यात तिचं लग्न झालं. तारीख, महिना, वेळ सांगायची असेल तेव्हा 'गॉट' लागतं, कारण बदल कधी झाला तेच सांगायचंय.

४. आमच्याकडं 'अंधार पडून राहिला', 'ऊन तापून राहिलं' म्हणतात. याले इंग्रजीत काय म्हणा लागते?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. वऱ्हाडी माणसाला याचं उत्तर तोंडात तयार मिळतं. 'होऊन राहिलं' म्हणजे 'इज गेटिंग'. अंधार पडून राहिला, 'इट इज गेटिंग डार्क'. उजाडून राहिलं, 'इट इज गेटिंग लाइट'. ऊन तापून राहिलं, 'इट इज गेटिंग हॉट'. दिवस लहान होऊन राहिले, 'द डेज आर गेटिंग शॉर्टर'. बाबांची तब्येत सुधरून राहिली, 'फादर इज गेटिंग बेटर'.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हवापाणी, उजेड, वेळ यांच्याबद्दल बोलताना कर्ता 'इट' असतो, 'डार्क इज गेटिंग' असं होत नाही. आणि 'राहिलं' दिसलं म्हणून तिथं 'स्टे' किंवा 'लिव्ह' घालू नका. ते राहणं इथं मुक्कामाचं नाही, क्रिया चालू आहे एवढंच ते सांगतं.

तुलनेचं रूपही इथं फार शोभतं. चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल पोरांकडून 'इट इज गेटिंग हॉटर अँड हॉटर' म्हणून घ्या, एकदा म्हटलं की विसरत नाहीत. काही पालक मुलांना सांगतात की वऱ्हाडी सोड, मग इंग्रजी येईल. असं अजिबात करू नका. या एका रचनेत तर घरची बोलीच मदतीला येते.

५. 'मले राग आला' याचं मी 'आय गॉट अँगर' केलं. राग म्हणजे अँगर आणि आला म्हणजे गॉट. मग चुकलं काहून?

शब्द दोन्ही बरोबर आहेत, सांधा चुकला. मराठीत राग हे नाम आहे आणि तो माणसाकडे येतो. भूक लागते, झोप येते, कंटाळा येतो, भीती वाटते, थंडी वाजते. सगळीकडे भावना कर्ता आणि माणूस 'मला', 'मले'. इंग्रजीत माणूस कर्ता होतो आणि भावना विशेषण होऊन त्याला चिकटते. म्हणून 'अँगर' नाही, 'अँग्री': 'आय गॉट अँग्री'.

त्याच चालीनं भूक लागली, 'आय गॉट हंग्री'. तहान लागली, 'आय गॉट थर्स्टी'. भीती वाटली, 'आय गॉट स्केअर्ड'. थंडी वाजली, 'आय गॉट कोल्ड' किंवा 'आय फेल्ट कोल्ड'. कोणाचा राग आला ते सांगायचं असेल तर 'विथ' लावा: 'ही गॉट अँग्री विथ मी'.

झोपेकडे नीट बघा, कारण मराठीत तिथं दोन क्रियापदं आहेत. झोप आली म्हणजे डोळे जड झाले, 'आय गॉट स्लीपी'. झोप लागली म्हणजे झोपलोच, 'आय फेल अस्लीप'. इथं 'गॉट अस्लीप' होत नाही, 'फेल'च लागतं (प्रश्न १० पाहा).

कंटाळ्याचीही एक अडचण आहे. कंटाळा आला, 'आय गॉट बोअर्ड'. मुलं लिहितात 'आय गॉट बोअरिंग', त्याचा अर्थ होतो मीच कंटाळवाणा झालो. शेवटी 'ड' म्हणजे माझ्यावर परिणाम झाला, शेवटी 'इंग' म्हणजे मी तो परिणाम दुसऱ्यावर करतो. 'द फिल्म वॉज बोअरिंग, सो आय गॉट बोअर्ड.'

आणि सगळ्या भावना या साच्यात बसत नाहीत. आनंद झाला याला 'आय वॉज हॅपी' म्हणा, 'गॉट हॅपी' कानाला खटकतं. लाज वाटली, 'आय फेल्ट अशेम्ड'. आईची आठवण आली, 'आय मिस्ड माय मदर'. आठवणीला 'गेट' लावूच नका.

६. मग 'मला ताप आला' याचं पण विशेषण करायचं का?

नाही. आजार नामच राहतो. 'आय गॉट अ फीव्हर', 'ही गॉट मलेरिया', 'शी गॉट डेंग्यू'. ताप, सर्दी, डोकेदुखी यांच्या आधी 'अ' घाला. मलेरिया, डेंग्यू, कावीळ अशा रोगांच्या नावांआधी घालू नका. नुसतं आजारी पडलो म्हणायचं असेल तर 'इल' किंवा 'सिक' हे विशेषण आहे, म्हणून 'आय गॉट सिक'.

दवाखान्यात डॉक्टरला आत्ताची अवस्था सांगायची असते, तिथं 'हॅज' म्हणा: 'माय सन हॅज अ फीव्हर'. कधी आला ते सांगताना 'गॉट': 'ही गॉट इट लास्ट नाइट'.

पूर्व विदर्भात आणि आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून हे वेगळं सांगतो. सिकलसेल आईबापांकडून जन्मतःच येतो, तो मलेरियासारखा नंतर होत नाही. त्यामुळे 'शी हॅज सिकल सेल डिसीज' हेच नेमकं. 'शी गॉट सिकल सेल' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की परवापरवा कुठून तरी लागण झाली, आणि त्या गैरसमजाचा त्रास आधीच पुष्कळ घरांना आहे.

७. आपण 'नोकरी भेटली', 'पैसे भेटले' म्हणतो. त्याला 'मीट' का नाही चालत?

विदर्भात भेटणे हे मिळणे या अर्थानंही चालतं आणि बोलण्यात त्यात काही चूक नाही. पण इंग्रजीत दोन कामांना दोन शब्द आहेत. माणूस भेटला, 'आय मेट हिम'. वस्तू, पैसा, संधी भेटली, 'आय गॉट इट'. म्हणून 'आय गॉट अ जॉब', 'वी गॉट द इन्शुरन्स मनी', 'शी गॉट ॲडमिशन इन नागपूर'. पोरगं 'आय मेट अ जॉब' लिहीत असेल तर एवढंच विचारा, 'माणूस का वस्तू?' तेवढ्यानं काम होतं.

बसमध्ये जागा भेटली, 'आय गॉट अ सीट'. परीक्षेत मार्क भेटले, 'आय गॉट सिक्स्टी मार्क्स'. मुलगा झाला याला मात्र 'गॉट अ सन' म्हणू नका, 'दे हॅड अ सन' म्हणतात.

८. माझी मुलगी डॉक्टर झाली. झाली म्हणजे 'गॉट' ना? मग 'माय डॉटर गॉट अ डॉक्टर' लिहिलं तर?

अभिनंदन, पण वाक्य बदला. 'गॉट'च्या पुढं 'अ डॉक्टर' हे नाम आलं, म्हणून प्रश्न १ मधला नियम लागू होतो: गोष्ट कर्त्याकडे आली. वाक्याचा अर्थ झाला, मुलीनं डॉक्टर बोलावून आणला किंवा तिला डॉक्टर मिळाला. 'गेट'चा 'होणे' हा अर्थ फक्त विशेषणापुढं आहे, नामापुढं नाही. इथं 'बिकम' हवं: 'माय डॉटर बिकेम अ डॉक्टर'. 'शी बिकेम द सरपंच', 'ही बिकेम अ टीचर'.

'बिकम' नाम आणि विशेषण दोन्हींबरोबर चालतं म्हणून काही जण सगळीकडे तेच घालतात. तसंही करू नका. तयार होणे म्हणजे 'गेट रेडी', लग्न होणे म्हणजे 'गेट मॅरिड', कपडे घालून तयार होणे म्हणजे 'गेट ड्रेस्ड'. इथं 'बिकम' कोणी म्हणत नाही.

९. 'आय ॲम गेटिंग लेट' बरोबर आहे का? आम्ही तर रोज म्हणतो.

भारतात सगळे म्हणतात आणि सगळ्यांना समजतं. ब्रिटिश किंवा अमेरिकी माणूस मात्र असं म्हणत नाही. तो 'इट इज गेटिंग लेट' म्हणतो, म्हणजे वेळ बरीच झाली, रात्र झाली. आपल्याला पोचायला उशीर होतोय हे सांगायला त्याच्याकडे 'आय ॲम लेट' किंवा 'आय ॲम रनिंग लेट' आहे. गावात, वर्गात, मित्राला म्हणा हवं तर. पेपरात आणि मुलाखतीत 'आय ॲम लेट' लिहा-बोला, कोणी बोट ठेवणार नाही.

१०. सगळ्याच विशेषणांना 'गेट' चालतं का? दूध नासलं याला 'द मिल्क गॉट बॅड' म्हणू का?

नाही चालत, आणि इथून खरी कसरत सुरू होते.

रोजचे बदल, जे होतात आणि परत जातात, त्यांना बहुधा 'गेट': ओलं होणं, थकणं, भूक लागणं, गरम होणं, मळणं. बिघडून गेलेल्या, सहसा परत न येणाऱ्या गोष्टींना 'गो'. दूध नासलं, 'द मिल्क वेंट बॅड'. भाकरीला बुरशी आली, 'द ब्रेड वेंट मोल्डी'. तो आंधळा झाला, 'ही वेंट ब्लाइंड'. बहिरा, टकला, वेडा, दिवाळखोर या सगळ्यांना 'गो'. याला मोठा अपवाद म्हातारपण: ते परत जात नाही, तरी 'गेट ओल्ड' किंवा 'ग्रो ओल्ड'च म्हणतात, 'गो ओल्ड' नाही. आजारपणही 'गेट इल', 'गो इल' नाही.

रंग बदलला तर 'टर्न' किंवा 'गो'. सोयाबीनवर यलो मोझॅक आला की 'द लीव्ह्ज टर्न्ड यलो'. केस पिकले, 'हिज हेअर वेंट ग्रे'. 'गॉट यलो' लिहू नका.

विहीर आटली याला 'द वेल रॅन ड्राय' किंवा 'वेंट ड्राय'. दोरीवरचे कपडे वाळले याला 'द क्लोद्ज ड्राइड' पुरतं, तिथं वेगळं विशेषण लागतच नाही. मराठीत आटणे आणि वाळणे वेगळं आहे, तसंच हे.

अंधाराच्या दोन तऱ्हा तर गावातल्या पोरांना चांगल्या ठाऊक आहेत. दिवस मावळला, 'इट गॉट डार्क'. लाइट गेली आणि गाव अंधारात बुडालं, 'द व्हिलेज वेंट डार्क'. आणि नुसतं लाइट गेली म्हणायचं तर 'द पॉवर वेंट ऑफ'.

'फॉल'च्या वाट्याला मोजकी विशेषणं आली आहेत: 'फॉल अस्लीप', 'फॉल इल', 'फॉल सायलेंट'. 'कम'लाही थोडी आहेत: स्वप्न खरं झालं, 'द ड्रीम केम ट्रू', बंडीच्या चाकाची खीळ ढिली झाली, 'द पिन केम लूज'. स्पष्ट होणे, शक्य होणे, गरजेचं होणे, उपलब्ध होणे अशा पुस्तकी विशेषणांना 'बिकम' लावा: 'इट बिकेम क्लिअर', 'इट बिकेम नेसेसरी'.

या जोड्या तर्कानं पूर्ण पकडता येत नाहीत. मराठीत तरी पान पिवळं 'पडतं', फळ 'पिकतं', आंबा 'नासतो', मीठ 'पाघळतं', याला कुठला एक नियम आहे? आपण ते ऐकून ऐकून शिकलो. इंग्रजी विशेषण नवीन आलं की त्याचं क्रियापद सोबतच वहीत लिहायची सवय लावा. 'बॅड' असं एकटं लिहू नका, 'गो बॅड' लिहा.

११. 'गॉट मॅरिड', 'गॉट हर्ट', 'गॉट स्टक' यात पुढं विशेषण आहे की क्रियापद?

ती क्रियापदांची तिसरी रूपं आहेत, पण 'गेट'नंतर विशेषणासारखीच वागतात, म्हणून अर्थ तोच: अवस्था बदलली. बस चिखलात फसली, 'द बस गॉट स्टक इन द मड'. बैलाच्या पायाला लागलं, 'द बुलॉक गॉट हर्ट'. पोरगं जत्रेत हरवलं, 'द बॉय गॉट लॉस्ट'.

यातलं 'गॉट' पुष्कळदा अचानक ओढवलेल्या गोष्टीला येतं: 'ही गॉट बिटन बाय अ स्नेक'. पोलिसात किंवा दवाखान्यात लेखी द्यायचं असेल तर 'ही वॉज बिटन बाय अ स्नेक' लिहा, ते जास्त औपचारिक. जन्माला मात्र बोलताना, लिहिताना, कुठंही 'गॉट' नाही. 'आय वॉज बॉर्न इन वाशीम'. 'आय गॉट बर्थ' ही चूक मी बायोडाटात फार पाहतो.

आणि लग्न कोणाशी झालं हे सांगताना 'विथ' नाही, 'टू': 'शी गॉट मॅरिड टू अ फार्मर'. मराठीतल्या '-शी', 'सोबत'मुळे 'विथ' तोंडात येतं.

१२. मोटर दुरुस्त करून घेतली. मी स्वतः केली नाही, मेकॅनिककडून करवली. हे कसं सांगायचं?

'आय गॉट द मोटर रिपेअर्ड.' 'आय रिपेअर्ड द मोटर' म्हटलं तर पाना तुमच्या हातात होता असं होतं. 'करून घेणे'चं काम 'गेट' करतं, फक्त शब्दांचा क्रम काटेकोर पाळावा लागतो: आधी 'गेट', मग वस्तू, मग तिसरं रूप. केस कापून घेतले, 'आय गॉट माय हेअर कट'. सातबारा काढून घेतला तर 'आय गॉट द सातबारा प्रिंटेड'.

क्रम उलटला तर अर्थ उलटतो. 'आय गॉट अ रिपेअर्ड मोटर' म्हणजे आधीच कोणीतरी दुरुस्त केलेली मोटर मला मिळाली. विशेषण नामाच्या आधी आलं की ते वस्तूचा गुण सांगतं, नामाच्या नंतर आलं की झालेला बदल सांगतं. हाच फरक साध्या विशेषणालाही लागू आहे. पोळ्याच्या सकाळी 'गेट द बुलॉक्स रेडी' म्हणजे बैल तयार करा. पावसात 'डोन्ट गेट वेट', भिजू नको. 'डोन्ट गेट युवर बुक्स वेट', पुस्तकं भिजवू नको.

माणसाचं नाव घ्यायचं असेल तर मध्ये 'टू' येतो: 'आय गॉट द मेकॅनिक टू रिपेअर द मोटर'. 'मेक'ला हा 'टू' लागत नाही, 'आय मेड हिम रिपेअर इट', आणि त्यात जबरदस्तीचा वास येतो. 'गॉट हिम टू' मध्ये समजावून, विनंती करून राजी केल्याचा सूर आहे.

१३. 'गेट होम' म्हणतात पण 'गेट टू स्कूल'. घराला 'टू' का नाही?

इथं 'गेट' म्हणजे पोचणे. 'होम', 'हिअर', 'देअर' या शब्दांत 'कडे' आधीच आहे, जसं आपण 'घरी' म्हणतो तेव्हा वेगळा प्रत्यय लावत नाही. बाकी ठिकाणांना 'टू' लागतो: 'गेट टू अमरावती', 'गेट टू द मार्केट'. 'रीच' वापरलं तर 'टू' कुठंच नाही: 'वी रीच्ड अमरावती'.

१४. 'आय हॅव गॉट' म्हणजे मला मिळालं की माझ्याकडे आहे? आणि 'गॉटन' हा शब्द खरा आहे का?

'आय हॅव गॉट फाइव्ह एकर्स' म्हणजे माझ्याकडे पाच एकर वावर आहे, 'आय हॅव फाइव्ह एकर्स' इतकंच.

'गॉटन' खरा आहे, अमेरिकेत रोज वापरतात. तिथं 'हॅव गॉट' म्हणजे आहे आणि 'हॅव गॉटन' म्हणजे मिळालं किंवा झालं: 'इट हॅज गॉटन कोल्ड'. ब्रिटनमध्ये हे रूप आता सहसा वापरत नाहीत, आणि आपली पाठ्यपुस्तकं ब्रिटिश वळणाची असल्यानं पेपरात 'गॉट'च लिहा. यूट्यूबवर 'गॉटन' ऐकून आलेल्या मुलाला चूक म्हणून गप्प बसवू नका. मुळात हे क्रियापद उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून, व्हायकिंग लोक इंग्लंडात वस्ती करून राहिले त्या काळात इंग्रजीत आलं. 'फर्गेट' याच घराण्यातला शब्द, आणि त्याचं 'फर्गॉटन' तर ब्रिटनमध्येही टिकून आहे.

१५. फोनवर 'आय ॲम नॉट गेटिंग यू' म्हणतो ते बरोबर का?

समजणे या अर्थी 'गेट' सहसा चालू काळात येत नाही. 'आय डोन्ट गेट यू' किंवा 'आय डिडन्ट गेट दॅट' म्हणा. आवाजच तुटत असेल तर 'आय कान्ट हिअर यू', कारण तिथं अडचण समजण्याची नाही, ऐकू येण्याची आहे.

१६. अर्जात आणि बोर्डाच्या पेपरात 'गेट' लिहावं का? सर म्हणतात तो हलका शब्द आहे.

हलका नाही, बोलीतला आहे. गोष्ट, संवाद, मित्राला पत्र यांत खुशाल लिहा, तिथं 'गेट' नसेल तरच भाषा लाकडी वाटते. मुख्याध्यापकांना, तहसीलदारांना किंवा बँकेला अर्ज असेल तर नामापुढं 'रिसीव्ह' आणि विशेषणापुढं 'बिकम' वापरा. 'आय हॅव नॉट रिसीव्ह्ड माय स्कॉलरशिप' हे 'आय डिडन्ट गेट माय स्कॉलरशिप'पेक्षा अर्जात बरं दिसतं.

अदलाबदल करताना एवढं सांभाळा: 'रिसीव्ह' फक्त नामाबरोबर चालतं. एका मुलीनं 'आय रिसीव्ह्ड इल' लिहून पाठवलं होतं, कारण तिला 'गेट'च्या जागी 'रिसीव्ह' घाल एवढंच सांगितलं होतं. अर्जात 'आय बिकेम इल' किंवा 'आय फेल इल' हवं. नोकरीला 'रिसीव्ह'ही बसत नाही, 'आय गॉट अ जॉब'चं औपचारिक रूप 'आय ओब्टेन्ड अ जॉब' किंवा 'आय सिक्युअर्ड अ जॉब'.

१७. 'गेट यूज्ड टू' आणि 'यूज्ड टू' यात माझा नेहमी गोंधळ होतो. मी शिकायला पुण्याला आलोय, इथली सवय होऊन राहिली. कसं लिहू?

'आय ॲम गेटिंग यूज्ड टू पुणे.' इथं 'यूज्ड' हे विशेषण आहे, सवय झालेला या अर्थाचं, म्हणून त्याच्या आधी 'गेट' येतं (चालू काळासाठी प्रश्न ४ पाहा). त्याच्या पुढचा 'टू' हा क्रियापदाचा नाही, तो आपल्या 'ची सवय' मधल्या 'ची'सारखा आहे. म्हणून पुढं नाम येतं, किंवा 'इंग' लागलेलं क्रियापद: 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू लिव्हिंग इन अ हॉस्टेल'. इथं 'टू लिव्ह' लिहिलं की चूक.

'गेट' नसलेलं 'यूज्ड टू' पूर्ण वेगळं. ते जुनी, आता नसलेली गोष्ट सांगतं आणि त्याच्यापुढं क्रियापदाचं साधं रूप येतं: 'आय यूज्ड टू लिव्ह इन यवतमाळ', मी आधी यवतमाळला राहायचो. दोन्ही एका वाक्यात लिहून बघा: 'आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह, नाउ आय ॲम गेटिंग यूज्ड टू गेटिंग अप ॲट सेव्हन.' यातला पहिला भाग पाचला उठायच्या जुन्या सवयीचा, दुसरा सातला उठायच्या नव्या सवयीचा. दोन्हीकडचं 'गेट अप' म्हणजे उठणे, त्याचा वरच्या नियमाशी संबंध नाही.